सागाची पानं जाळीसारखी, बुंध्याला मातीचं पलस्तर: किडा एक की दोन?

बांधावरचा साग, किनवट

राम राम मंडळी.

मुरमाड जमीन, बांधाच्या कडेनं सागाची २२० झाडं. त्यातली १६० चार वर्षांची, उंची १४ ते १८ फूट. उरलेल्या ६० सागजड्या (मूळ आणि बुडखा ठेवून छाटलेली सागाची रोपं) यंदा जुलैत नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा, भरायला लावलेल्या. सध्या तीन गोष्टी दिसतायत:

१. मोठ्या झाडांची पानं सप्टेंबरअखेरपासून जाळीदार होऊन तपकिरी पडली. लांबून झाडं होरपळल्यागत दिसतात.
२. त्यातल्याच बऱ्याच झाडांच्या बुंध्याला जमिनीपासून ३-४ फूट मातीचं पलस्तर चढलंय.
३. नवीन जड्यांपैकी ११ फुटून पानावर आल्या आणि मग उभ्या-उभ्या सुकल्या.

गावात सांगतात, पावसाच्या तोंडाला दिव्यावर येतात ती उधईची, म्हणजे वाळवीची, पाखरं. त्यांचीच अळी पानं खाते आणि मोठी झाली की खोडात शिरते. दुकानदारानं तिन्ही दुखण्यांवर एकच बाटली काढून ठेवलीय. सागाला वाळवी लागत नाही असंही लहानपणापासून ऐकतोय. मग हा किडा एकच आहे की वेगवेगळे? आणि आधी कोणाच्या मागं लागायचं?

---

सहापायी

गावातल्या गोष्टीचं पहिलं वाक्य खरं आहे. दिव्यावर येणारी ती पाखरं उधईचीच. त्यापुढचं सगळं चुकलंय.

उधईच्या पाखराचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि ठिसूळ असतात. सकाळी दिव्याखाली पंखांचा ढीग पडलेला असतो तो यांचा. सागाच्या पानाची जाळी करणारी अळी मात्र एका पतंगाची. तो पतंग इंचभराचा, पिवळसर, पंखांवर लालसर नागमोडी रेषा. दिवसा पानाच्या खालच्या अंगाला दडून बसतो. तो पंख गाळत नाही, पण चिमटीत धरला तर त्याची भुकटी बोटाला लागते.

वाढण्याची रीतही निराळी. पतंगाचं अंडं, अळी, कोष, पतंग असं चार टप्प्यांत होतं. उधईत कोष नसतोच, आणि अळीही नसते. अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिल्याच दिवशी सहा पायांचं, मोठ्या उधईची लहान प्रत. कात टाकत टाकत त्याचं कामकरी, सैनिक नाहीतर पंखवालं पाखरू होतं. नात्यानं उधई झुरळांच्या गणातली. ‘पांढरी मुंगी’ म्हणतात खरं, पण मुंगीशी तिचं काही नातं नाही. तुमच्या पानावरची अळी उधईची असायची तर झुरळाला सुरवंट व्हावा लागेल.

आता एक जाळीदार पान तोडून उन्हाकडे धरा. सगळ्या शिरा, अगदी केसासारख्या बारीकसुद्धा, जागेवर दिसतील. गायब झालाय तो फक्त शिरांमधला हिरवा गर. अजून थोडं हिरवं राहिलेलं पान घेतलंत तर शिरेच्या कडेला पातळ रेशमी जाळं सापडेल आणि त्याच्या आडोशाला हिरवट अळी, अंगावर जांभळट-तपकिरी छटा. काडी लावली की झटका देत मागं सरकते. पूर्ण वाढलेली अळी दोन-अडीच सेंटिमीटरची. तिच्या जबड्याला चिवट शीर झेपत नाही म्हणून ती शीर सोडून देते.

उधईचं उलट आहे. तिला हिरव्या गराशी देणंघेणं नाही, तिला लागतं मेलेलं लाकूड, वाळलेली साल, पालापाचोळा. आपल्याकडच्या शेताशिवारात सर्रास दिसणारी ओडोन्टोटर्मिस जातीची उधई तेही स्वतःच्या बळावर पचवत नाही. चावलेला काडीकचरा ती वारुळात नेते, त्याचे स्पंजासारखे भुरकट गोळे रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि मग ती बुरशी व मऊ झालेला चोथा खाते. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते ती याच बुरशीची.

म्हणजे जंगलात एकाच पानावर दोघांची पाळी लागते. ऑक्टोबरात अळी गर खाते, पुढं पानं झडली की खाली पडलेल्या शिरांच्या जाळीवर उधई मातीचं पांघरूण घालून जेवायला बसते. तुमच्या बांधावर दोघं एकदम दिसतायत ते एवढ्याच कारणानं.

---

लाकूडफाटा

वरची ओळख पटली. नुकसान कोण किती करतं ते सांगतो, कारण बाटली घ्यायची का नाही ते त्यावर ठरतं.

जाळीवाली अळी पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाढते आणि जून, निबर पानांवर येते. सागाची वर्षाची बरीचशी वाढ तोवर झालेली असते, आणि आपल्याकडे कोरड्या जमिनीत ती पानं पुढच्या काही महिन्यांत झडणारच असतात. चार वर्षांच्या झाडाला तिचा धक्का फारसा बसत नाही. दिसायला मात्र ती सगळ्यात भयंकर. माणूस घाबरून पंप पाठीवर घेतो तो हिच्यामुळंच.

खरी वाढ खाणारी दुसरी अळी असते. ती जून-जुलैत कोवळ्या पालवीवर येते आणि बहुतेकांना ती कधी आली नि कधी गेली ते कळत नाही. काळपट, अंगावर लांब पट्टे, वाढली की चारेक सेंटिमीटर. पानाची कड कापून दुमडते आणि त्या घडीत राहते. बारीक शिराही ठेवत नाही, पानाचा नुसता सांगाडा, मधली शीर आणि जाड फाटे. हिचा पतंग राखाडी-तपकिरी, मागच्या पंखांवर काळ्यात नारिंगी-पिवळे डाग. केरळ वन संशोधन संस्थेनं निलांबूरच्या लागवडीत ४ ते ९ वर्षं वयाच्या झाडांवर पाच वर्षं प्रयोग करून १९८५ मध्ये जे मांडलं त्यात या अळीमुळं लाकडाच्या संभाव्य वाढीत ४४ टक्के घट आली. त्याच प्रयोगात जाळीवालीपासून झाडं राखून लाकडात म्हणावा असा फरक पडला नाही. निलांबूरचा पाऊस निराळा, आपला निराळा, त्यामुळं आकडा जसाच्या तसा किनवटला लावू नका. पण दोन अळ्यांमधली तफावत कशामुळं हे त्यातून कळतं: एक पालवी खाते, दुसरी निरोपाचं पान.

आता उधई. ‘सागाला वाळवी लागत नाही’ हे सुताराचं वाक्य आहे, माळ्याचं नव्हे. जुन्या झाडाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं साठतात, ती उधईला नकोशी असतात. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात ती नसल्यात जमा. चार वर्षांच्या झाडात गाभा असतो तो बोटाएवढा आणि जडीत तर नाहीच. म्हणून मोठ्या झाडाच्या बुंध्यावरचं पलस्तर बघून घाबरू नका, त्याखाली ती बाहेरची मेलेली खडबडीत साल खात असते. ११ जड्यांकडं मात्र आजच बघा.

---

बांधावरचा साग, किनवट

सगळं उमगलं. पण जड्या उधईनंच मारल्या हे कशावरून? आणि पलस्तराखाली ती जिवंत साल खात नाही हे कसं तपासायचं?

---

जडीवाले काका, माहूर

पलस्तराचं आधी सांगतो, सोपं आहे. विळ्याच्या पाठीनं वीतभर माती खरवडा. खालच्या सालीवर नखानं हलकं ओरखडा. आत हिरवट-पांढरी ओली साल लागली की झाड ठणठणीत. साल पोकळ वाजली, दाबली की आत गेली, तर तिथं आधीच जखम होती: वखराचा मार, बैलानं घासलेलं, नाहीतर धुऱ्याची आग. उधई तिथं मागून आलेली असते. आणि पलस्तर नसताना बुंध्यावर भोक आणि भोकाखाली भुस्सा किंवा विष्ठेच्या बारीक गोळ्या दिसल्या तर तो खोडकिडा. त्याचं औषधपाणी निराळं.

सुकलेली जडी अशी तपासायची. धरून ओढू नका, खुरप्यानं बाजूची माती काढून मुळासकट उचला.

मुळाची साल सोलल्यागत गेलेली, आत नाळ्या पडलेल्या आणि त्या नाळ्यांत ओली माती ठासलेली, तर उधई. मूळ मधूनच तुटलेलं, टोक साफ, आणि मातीत इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी जाड अळी, तर हुमणी. मूळ काळं, साल हातात निसटणारी, वास येणारा, तर पाणी साचून कूज. मूळ शाबूत पण बाजूनं मातीत पोकळी, तर लावतानाच चुकलं.

हे शेवटचं लई होतं बगा. सागजडी अंगठ्याएवढ्या जाडीची, मूळ १५ ते २० सेंटिमीटर, वरचा फुटवा २-३ सेंटिमीटर ठेवून छाटलेली घ्यायची. पहारीनं भोक पाडून सोडली आणि कडेनं पहार मारून माती दाबली नाही, तर खाली हवा राहते. वरच्या साठलेल्या ताकदीवर जडी फुटते, दोन-चार पानं काढते, लोक म्हणतात लागली. पावसानं आठ-पंधरा दिवस ओढ दिली की वाळते. वाळलेल्या मुळावर उधई येणारच, ते तिचं कामच आहे. मग खापर तिच्यावर. म्हणून वाळलेलीच उपटून बघू नका. पानं नुकतीच मलूल झालीत, शेंडा अजून हिरवा आहे अशा दोन जड्या उचला. तिथं उधई सापडली तर ती मारेकरी. पार वाळलेलीत सापडली तर नुसती मौतीला आलेली पाहुणी.

---

लाकूडफाटा

काकांनी नेमकं सांगितलं. एक जोड: पान तपकिरी दिसतंय आणि जाळी नाही, उलट खालच्या अंगाला नारिंगी-पिवळी पूड बोटाला लागतेय, तर तो तांबेरा, म्हणजे बुरशी. हिवाळ्यात रोपवाटिकेत हमखास येतो. त्यावर किडीचं औषध मारणारे कमी नाहीत.

---

बांधावरचा साग, किनवट

पाहून आलो. मोठ्या झाडांची साल आतून हिरवी. पानांवर बारीक शिरा शाबूत, रेशमी जाळं आणि अळी दोन्ही सापडलं. मलूल जड्या चार होत्या, त्यातल्या तीन उचलल्या. तिन्हींच्या मुळाला माती ठासलेल्या नाळ्या. चौथी तशीच ठेवलीय. लावताना खड्ड्यात टाकलेलं शेणखत अजून गोळ्या-गोळ्यांचं निघालं, त्यात पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या. आता क्रमानं काय करू?

---

जडीवाले काका, माहूर

तिथंच घोडं अडलंय. कच्चं शेणखत आणि पऱ्हाटी म्हणजे उधईला आवतण. ती जडीसाठी नाही, काड्यांसाठी आली. काड्या संपल्यावर शेजारी पांढरं मऊ मूळ होतंच.

चौथी जडी आणि शेजारच्या जिवंत जड्यांसाठी:

बुडाभोवतीचं कच्चं खत हातानं काढून टाका, बांधापासून लांब. जमीन कोरडी असेल तर आदल्या संध्याकाळी प्रत्येक जडीला ४-५ लिटर साधं पाणी द्या. कोरड्या मुरमात औषध वरच्या दोन बोटांतच जिरतं, खाली मुळाशी जातच नाही. औषध टाकूनही उधई राहिली अशी तक्रार येते ती बहुतेक यामुळंच.

दुसऱ्या दिवशी जडीपासून वीतभर लांब पहारीनं तीन बाजूंना भोकं पाडा, २० ते ३० सेंटिमीटर खोल. क्लोरपायरीफॉस २० ईसी, लिटरला ५ मिली, असं द्रावण प्रत्येक जडीला दीड-दोन लिटर, निम्मं भोकांत आणि निम्मं बुडाशी. मग भोकं मातीनं बुजवा. हातमोजे, तोंडाला फडकं. विहीर, ओढा, शेततळं यांच्या जवळच्या जड्यांना हे वापरूच नका, माशांना फार घातक. बाटलीवरचं पत्रक वाचूनच घ्या, त्यावर वेगळं प्रमाण असेल तर तेच धरायचं.

औषध नको असेल तर मेटारायझियम या किडींना रोग लावणाऱ्या बुरशीची पूड पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल असताना बुडाशी द्या. पण तिचा भरवसा ओलीवर. उधई एकमेकींची अंगं साफ करते, रोगट सोबतीण बाजूला टाकते, त्यामुळं गुण सगळीकडं सारखा येत नाही. पावसाळ्यात देऊन बघायची गोष्ट आहे ही, ऑक्टोबरच्या उन्हात नव्हे.

---

सहापायी

आणि बांधावर कुठं-कुठं उधई फिरते ते औषधाआधी बघून घ्या. वीतभर लांबीच्या वाळक्या तुराट्या घ्या, चार-चारची जुडी बांधा, दर १०-१५ पावलांवर अर्ध्या गाडा, खुणेला दगड ठेवा. १५-२० दिवसांनी उपटा. ज्या जुडीवर माती चढली त्या टापूतल्याच जड्यांना औषध. ६० जड्यांना सरसकट ओतण्याचं कारण नाही.

वारूळ फोडून, त्यात रॉकेल ओतून काही होत नाही. राणी खोल असते, वर दिसतात ते कामकरी आणि सैनिक. कामकरी मेले तर राणी भरून काढते. अळीचं तसं नसतं: प्रत्येक अळी आपापली एकटी, जेवढ्या मेल्या तेवढ्या कमी झाल्या.

---

बांधावरचा साग, किनवट

अळीला काहीच करू नको म्हणता? दुकानदार म्हणतो बीटी पावडर जैविक आहे, मारून टाका, नुकसान काही नाही. शेजारच्या रानात दीड एकर तुती आहे, तिलाही चालेल म्हणाला.

---

तुतीची बाग, बीड

अहो दादा, हात जोडून सांगते, तेवढं करू नका. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस. हा जिवाणू पहिल्यांदा सापडला तोच जपानमध्ये, १९०१ साली, मरणाऱ्या रेशीम अळीत. सागावरची अळी आणि रेशीम अळी दोन्ही पतंगांच्याच. जे एकीला मारतं ते दुसरीलाही मारतं. फवाऱ्याचा तुषार वाऱ्यानं तुतीच्या पाल्यावर बसला आणि तो पाला चंद्रिकेआधीच्या, म्हणजे कोष करायला चाळीवर सोडण्याआधीच्या, अळ्यांना पडला, तर शेजाऱ्याची अख्खी बॅच गेली. जैविक म्हणजे सगळ्यांना निर्धोक असं नसतं.

नीम अर्कही तुतीजवळ नको, अळ्या पाला खात नाहीत आणि कात नीट टाकत नाहीत. काही मारायचंच झालं तर आधी शेजाऱ्याला विचारा, त्याची बॅच कोणत्या वयात आहे, पाला कधी तोडणार आहे.

---

लाकूडफाटा

ताईंचं बरोबर. दुसरी अडचण उंचीची. पाठीवरच्या पंपाचा फवारा १०-१२ फुटांच्या वर नीट जात नाही, तुमची झाडं १८ फुटांपर्यंत. अळी पानाच्या जाळ्याआड. वरून पडलेलं औषध जमिनीवर जास्त आणि अळीवर कमी. साळुंक्या, कोतवाल, गांधीलमाश्या सध्या त्याच अळ्यांवर पोट भरतायत, दुकानदाराची बाटली मारली तर त्यांनाही धोका. चार वर्षांच्या झाडांना यंदा काहीच करू नका.

जिवंत जड्यांच्या पानांवर जाळीवाली आली तर तिथं करा, कारण त्यांच्याकडं पानंच आठ-दहा. ६० जड्यांना फवारा कशाला? सकाळी चालत जाऊन अळी दिसेल ते पान बोटांत चिरडायचं. अर्ध्या तासाचं काम, आठवड्यातून एकदा.

पुढच्या वर्षी जूनमध्ये पालवी फुटली की दर तीन-चार दिवसांनी कोवळ्या पानांच्या कडा बघा. दुमडलेल्या घड्या दिसल्या, काळपट अळी सापडली, तर ती वेळ खरी. तिचं अळीपण १०-१२ दिवसांतच उरकतं, तुम्ही पंधरवड्यानं गेलात तर सांगाडेच दिसतील. तुती नसलेल्या बाजूला, हात पोचेल तिथवर, संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क. ५ किलो वाळलेली निंबोळी भरड करून १० लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळून १०० लिटर करायचं, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा. त्याच दिवशी वापरायचं, दुसऱ्या दिवशी जोर राहत नाही.

---

मोसंबीवाला, जालना

बुंध्याला बोर्डो पेस्ट फासा ना. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. आमच्याकडं मोसंबीला लावली की उधई चढत नाही.

---

जडीवाले काका, माहूर

मोसंबीला ती पेस्ट डिंक्यासाठी लावतात, म्हणजे बुरशीसाठी. उधई काही दिवस त्या लेपावरून जात नाही हे खरं, पण लेपाला तडा गेला की त्यातून चढते. सागाच्या चार वर्षांच्या बुंध्याला त्याची गरज नाही. माती खुपत असेल तर खराट्यानं झाडून टाका. आठ दिवसांत पुन्हा चढली तरी मेलेली साल खाऊन संपली की आपणच उतरते.

---

सहापायी

मला तर ती झाडूनही टाकू नये असं वाटतं. पलस्तराखालची साल झाडानं सोडून दिलेली असते. उधईनं ती खाल्ली, बुडाशी माती केली, तुमचं काय गेलं?

---

जडीवाले काका, माहूर

जातं एक. पलस्तर चढलेल्या झाडावर वखराची जखम दडून राहते. म्हणून वर्षातून एकदा, पानगळ झाल्यावर, झाडून बघायचं. रोज मागं लागायचं नाही.

---

बांधावरचा साग, किनवट

ठरलं मग. आज ११ खड्ड्यांतलं खत आणि काड्या काढतो, तुराट्या गाडतो. दुकानदाराची ती बाटली घेत नाही. मेलेल्या जड्यांच्या जागी आता लावू का पुढच्या पावसात?

---

जडीवाले काका, माहूर

आता नका. मुरमात हिवाळ्यात लावलेली जडी पाणी देऊनही रुसून बसते. खड्डे उघडे ठेवा, उन्हाळा खाऊ द्या. पहिला दमदार पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली की लावायची. त्या वेळी खड्ड्यात खत नाहीच टाकलं तरी चालेल, टाकायचंच तर हातात घेतल्यावर चहापत्तीसारखं भुसभुशीत असलेलं. काडी दिसली की ते ढिगात परत.